लायक गरीब

"पाय दाखवा."

चौकशीबाईंचं पहिलं वाक्य हेच. समोर कोण आलंय, नाव काय, दुखतंय कुठे, ते सगळं नंतर. त्या टेबलामागून अर्ध्या उठायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या आणि पलीकडच्या माणसाच्या पायांकडे वाकून बघायच्या. नवीन माणूस गोंधळायचा. "बाई, माझं पोटात दुखतंय," म्हणायचा. त्यावर बाई, "पोट डॉक्टर बघतील. मला पाय दाखवा."

टाचा फुटल्यात का, नखांत माती आहे का, चपलेचा अंगठा किती वेळा शिवलाय, एवढं त्यांना दोन सेकंदांत दिसायचं. मग खुर्चीत बसून म्हणायच्या, "हं, आता बोला." नाहीतर नुसतंच, "पुढे." पुढे म्हणजे पुढचा माणूस. ज्याचे पाय बघून झाले त्याचं काम संपलं.

तुम्ही म्हणाल, ही काय तऱ्हा? माणूस आजारी म्हणून येतो आणि ही बया त्याच्या चपला मोजते! मीही पहिल्या दिवशी हेच म्हटलं होतं. मी त्यांच्या शेजारच्या खिडकीत केसपेपर काढायला बसायचे. बोरीवलीचं ते धर्मादाय हॉस्पिटल. नाव कशाला हवंय, आता ते तसं राहिलेलंही नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आजूबाजूला सोसायट्या उभ्या राहत होत्या, गिरण्या बंद पडलेली माणसं गिरणगावातली खोली विकून आमच्या बाजूला झोपड्यांत येत होती आणि आजार काही सोसायटी-झोपडी बघून येत नव्हता.

हॉस्पिटलच्या शेठजींच्या पणजोबांनी राणीच्या राज्यात कुठेतरी एक दवाखाना काढला होता, त्याचंच हे वाढलेलं रोपटं. त्या काळची संगमरवरी पाटी उचलून आमच्या व्हरांड्यात बसवली होती. तिच्यावर लिहिलेलं, 'हा दवाखाना लायक गरिबांच्या उपचारार्थ'. लायक गरीब! मला आजतागायत कळलेलं नाही हे काय प्रकरण असतं. गरिबीची पण परीक्षा द्यायची का? आणि नापास झालेल्यांनी काय करायचं, श्रीमंत व्हायचं?

पण बाईंना त्या पाटीत काही विनोदी वाटत नसे. फुकटच्या खाटा सहा, त्या कुणाला द्यायच्या ते बाई ठरवणार. मागणारे रोज साठ. "मी देव नाही," त्या म्हणायच्या, "मी चाळण आहे. चाळणीला दया नसते गं, भोकं असतात." असं बोलून वर डबा उघडून शांतपणे पोळी-भाजी खायच्या.

एक सांगते, बाई पैशाला हात लावत नव्हत्या. नगरसेवकाची चिठ्ठी आली तर तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोबाची कच्ची टिपणं करायच्या. शेठजींच्या ड्रायव्हरचा मेहुणा हर्नियासाठी आला, बाईंनी त्याचे पाय बघितले आणि म्हणाल्या, "पुढे." ड्रायव्हर म्हणाला, "शेठजींनी पाठवलंय." बाई म्हणाल्या, "शेठजींचे पाय मी नंतर बघेन." ही गोष्ट आम्ही कॅन्टीनमध्ये महिनाभर चघळली.

आणि एकदा का माणूस त्यांच्या यादीत आला, की मग त्याची शान बघावी. बाई स्वतः वॉर्डात जायच्या. चादरीवर डाग दिसला तर वॉर्डबॉयची वाट लागलीच समजा. "फुकट म्हणजे घाण नव्हे," असं ओरडून चादर त्याच्या अंगावर फेकायच्या. पैसेवाल्या पेशंटला पातळ डाळ मिळायची, पण फुकटवाल्याला मिळत नसे. त्या सहा माणसांसाठी त्या वाघीण होत्या, बाकीच्या चौपन्नांसाठी दगड.

दगडाला लोकही ओळखून होते. गेटबाहेर चपला शिवणारा एक म्हातारा बसायचा. त्याने काय केलं असेल? तीन-चार फाटक्या चपलांचे जोड ठेवले. तुमची बरी चप्पल त्याच्याकडे ठेवायची, फाटकी घालून आत जायचं, बाईंना पाय दाखवून परत यायचं. बरेच दिवस हे बिनबोभाट चाललं. एका सकाळी बाई एका माणसाचे पाय बघता बघता थांबल्या. चपलेला हिरव्या सुतळीचा टाका होता. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "ही चप्पल आज तिसऱ्यांदा आजारी पडली."

अख्खी ओपीडी हसली. मी तर टेबलाखाली डोकं घालून हसले. बाईंनी मात्र आधीच्या दोघांचेही कागद काढले आणि तिघांवर काट मारली. त्यातल्या एकाच्या पायाला साखरेच्या आजाराची जखम होती. पुढे दुसरीकडे तो पाय गुडघ्याखाली कापला म्हणे. हे कळलं तेव्हा मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोटं बोलला नसता तर पाय राहिला असता." एवढंच. डोळ्यांत पाणी नाही की आवाजात कंप नाही.

कुणी समोर बसून रडायला लागलं तर बाई पेन खाली ठेवायच्या, हाताची घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "रडून झालं की सांगा." खरंच थांबायच्या हो. दहा मिनिटंसुद्धा. मागची रांग कुरकुरायची. माणूस शेवटी लाजून गप्प व्हायचा.

चपलांच्या भानगडीनंतर त्यांनी घरी जाऊन चौकशी सुरू केली. ऑपरेशनच्या खाटेसाठी तर घर बघितल्याशिवाय नाहीच. कुणाकडे कधी जाणार हे त्या कुणालाही सांगत नसत. सकाळी येऊन मला म्हणायच्या, "रजिस्टर घे. चल." मी बरोबर, कारण वस्तीत एकटीने कशाला जायचं, आणि लिहायला कुणीतरी हवंच. कुठे जायचं ते मला आदल्या दिवशी कळायचं, कारण कागद मीच काढून ठेवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ताकीद दिली होती. "कुणाला आधी सांगितलंस तर त्याच दिवशी घरी बसवीन. तुझी गिरणीवाल्याची बायको असल्याची कथा मला सांगायची नाही."

ती कथा खरी होती. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद होती, घरात दोन पोरं, आणि माझी नोकरी टेंपररी. दर सहा महिन्यांनी कागद नव्याने निघायचा आणि त्या कागदावर बाईंची सही लागायची.

घरात शिरायच्या आधी बाई छपराकडे बघायच्या, टीव्हीचा अँटेना आहे का. मग तांदळाचा डबा उघडायच्या. खाटेखाली वाकून बघायच्या, पडदा सारायच्या. लोक वस्तू लपवायचे, बाई शोधून काढायच्या. मालाडला एका घरी सगळं ठीक होतं, बाई निघाल्याच होत्या, तेवढ्यात आजीच्या गोधडीखालून मराठी बातम्या सुरू झाल्या. ट्रान्झिस्टर दडवला होता आणि म्हातारीचा कोपर लागला. म्हातारी बिचारी हात जोडून बातम्यांवर झोपून राहिली. बाई म्हणाल्या, "ऐका, ऐका. सावकाश ऐका." आणि मला खूण केली. काट.

त्यांचा अजून एक नेम होता. गरिबाच्या घरी त्या पाण्याचा थेंब घेत नसत. चार जिने, डोंगर, ऊन, काही असो. कुणी तांब्या पुढे केला तर म्हणायच्या, "नको. तुमच्यातलं मला नको." मला पहिल्यांदा वाटलं, विटाळ मानतात की काय. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडचं कशाला कमी करू? ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पिते की." बाईंबद्दल मला थोडंफार प्रेम वाटलं असेल तर ते त्या दिवशी.

आता शैलाचं सांगते. इतका वेळ मी इकडचं तिकडचं बोलले, कारण हे सांगायला जीभ वळत नाही.

शैला एकोणीस वर्षांची. नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून जी वस्ती होती तिथली. बाप गिरणीतला, आता एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगवर पहारा करायचा. पोरगी घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने तिच्या हृदयाची झडप आवळत गेली. पाच पावलं चालली की ओठ निळे. झडप मोकळी करायला ऑपरेशन हवं होतं. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला तर आठ महिन्यांनी या म्हणाले. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी गुरुवारी शहरातून मोठे डॉक्टर यायचे, त्यांनी तिला तपासलं आणि माझ्यासमोर तिच्या आईला म्हणाले, "आठ महिने हिच्याकडे नाहीत. दोन-तीन महिन्यांत झालं पाहिजे." खाट मिळाली तर ऑपरेशन फुकट, आणि खाट चौकशीबाईंच्या हातात.

शैलाची आई आमच्या मालवणकडची निघाली. खिडकीशी येऊन माझ्या बोलण्यावरून तिने ओळखलं, "गो, तू आमच्या बाजूची?" आणि झालं. मग प्रत्येक फेरीला माझ्यासाठी काही ना काही. एकदा चार कोकमं, एकदा मूठभर कुळीथ. मी तिला काकी म्हणायला लागले. बाईंनी शैलाचे पाय बघितले, तिची टाच बघितली आणि चक्क मान हलवली. "घर बघू," म्हणाल्या. मला हायसं वाटलं. ह्या घरात बघण्यासारखं होतं काय? काकीच सांगायची, दोन पातेली आणि एक चटई.

मंगळवारी मी कागद काढला तर त्यावर शैलाचं नाव. बुधवारी सकाळी जायचं होतं. आणि त्याच दुपारी काकी खिडकीशी आली. मला राहवलं नाही. काकी सकाळी दोन घरची भांडी करायची, बाप पहाऱ्यावर. दाराला कुलूप दिसलं तर बाई 'घरी नाही' लिहून पंधरा दिवस पुढे ढकलायच्या. म्हणून मी हळूच म्हटलं, "काकी, उद्या सकाळी खंय जाव नको. हॉस्पिटलची बाय घर बघूक येतली."

काकीचा चेहरा कसा उजळला! "हॉस्पिटलची बाय? आमच्या घराक? मगे काय तयारी करूची गो?"

इथे मी चुकले. मला म्हणता आलं असतं, काही करू नकोस, आहे तसं राहू दे. त्याहून स्पष्ट सांगायचं तर, जेवढं दारिद्र्य आहे तेवढं मांडून ठेव. पण असं कुणाला तोंडावर कसं सांगायचं? मी एवढी फटकळ बाई, सगळ्यांना तोडून बोलणारी, आणि नेमकी तेव्हा मला भीड पडली. मी म्हटलं, "काय नाय गो. घर तेवढा नीट ठेव."

बुधवारी आम्ही वस्तीत शिरलो. नळाच्या रांगेतल्या बायका आमच्याकडे बघून हसत होत्या. मला ते हसणं विचित्र वाटलं. शैलाच्या दारात रांगोळी होती. दोन रंगांची, नुकती घातलेली. 

आत एक प्लास्टिकच्या वायरची खुर्ची होती, पाठीवर भरतकामाचा रुमाल टाकलेली. खिडकीत टेबलफॅन घरघरत होता. भिंतीवर घड्याळ. लोखंडी खाटेवर गुलाबी चादर, तिच्यावर अजून घड्या दिसत होत्या. आणि शैला कुणाच्या तरी नव्या नवरीची नायलॉनची साडी नेसून, गळ्यात मोत्यांची माळ घालून, तोंडाला पावडर लावून भिंतीला टेकून उभी. उभं राहून तिला धाप लागत होती आणि ती हसत होती.

बाप कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याची नजर जमिनीवर.

मला एका क्षणात सगळं कळलं. अख्ख्या आळीने सामान दिलं होतं. कुणाचा पंखा, कुणाची खुर्ची, कुणाचं घड्याळ. घरी मोठं माणूस येणार, त्याला चटईवर कसं बसवायचं? आमच्याकडे हेच करतात हो. गावाला मुलगी बघायला पाहुणे आले की चार घरच्या समया गोळा होतात. ह्यात फसवणूक कसली? पण बाई आमच्याकडच्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर वस्तू लपवणारे बघितले होते. वस्तू मागून आणणारे कधी बघितले नव्हते.

"येवा बाय, बसा," काकी म्हणाली. तिने बाईंना खुर्चीत बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. मग ट्रेमधून आला फुलाफुलांच्या कपांतला दुधाळ चहा, बशीत क्रीमची बिस्किटं. "गरिबाघरचा गोड मानून घेवा."

बाई पंख्याकडे बघत होत्या. "हा पंखा कुणाचा?"

काकीने दाराकडे बघितलं. बाहेर दारात शेजारणी उभ्या होत्या, ज्यांनी दिलं त्याच. त्यांच्यासमोर ती काय म्हणणार? मागून आणलाय म्हणणार? "आमचोच तो," ती म्हणाली.

"आणि खुर्ची?"

"आमचीच ती."

मी मागून काकीला डोळ्यांनी खुणावत होते. ती माझ्याकडे बघून अजूनच हसली. तिला वाटलं मी कौतुक करतेय.

बाईंनी कप उचलला. चहा प्याल्या. पूर्ण प्याल्या, वर एक बिस्कीट खाल्लं. काकीने आनंदाने नवऱ्याकडे बघितलं.  ह्या घरात बाई चहा प्याल्या म्हणजे काय झालं ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "लिही. पंखा एक. खुर्ची एक. घड्याळ. कपबश्यांचा सेट. मुलीच्या गळ्यात माळ. नामंजूर." मी चालता चालता लिहिलं. अक्षर माझंच आहे, ते रजिस्टर अजून कुठे असेल तर बघा. मग त्या थांबल्या. "यांना माहीत होतं आपण येणार. कुणी सांगितलं गं?"

आता बोलायला हवं होतं. एका वाक्यात काम होतं. बाई, मी सांगितलं, आणि ते सामान शेजारचं आहे. पण माझा कागद त्याच महिन्यात नव्याने निघणार होता. मला माझी दोन पोरं दिसली. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

शनिवारी यादी लागली. काकी आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने मलाच विचारलं. मी म्हटलं, "नाव नाय, काकी. यादी भरली."

"पण बाय चाय प्याली मां?" ती म्हणाली. "काय चुकला आमचा? साखर कमी पडली काय?"

मी म्हटलं, "पुढच्या टायमाक बघू." पुढच्या वेळेला काकी बाईंसाठी दोन नारळ घेऊन आली. बाईंनी ते टेबलावरून ढकलून दिले. एक फुटला. "घरात पंखे लावता आणि मला लाच देता? पुढे!" काकी वाकून नारळाचे तुकडे गोळा करत होती आणि रांग तिच्या अंगावरून पुढे सरकत होती. मी खिडकीत बसून कुणाचा तरी केसपेपर काढत होते.

रोज ठरवायचे, आज सांगते. रोज घरी जायचे.

दीड महिन्याने एका सोमवारी सकाळी शैलाला हातगाडीवर घालून आणलं. तोंडातून गुलाबी फेस येत होता. मी खिडकी तशीच उघडी टाकून बाईंच्या टेबलाशी गेले. "बाई, तो पंखा शेजाऱ्यांचा होता."

बाईंनी वर बघितलं. "कुठला पंखा?"

"शैलाच्या घरचा. मी सांगितलं होतं त्यांना आपण येणार म्हणून. तुमच्यासाठी मागून आणला होता."

 बाईंनी विचारलं, "खुर्ची?"

"तीपण."

"कपबश्या?"

"सगळं. साडी, माळ, सगळं."

त्यांनी रजिस्टर ओढलं, पान काढलं, 'नामंजूर' खोडलं, 'मंजूर' लिहिलं, सही केली. मग पदर खोचून वॉर्डात धावल्या. त्या वयाच्या बाईला मी कधी धावताना बघितलं नव्हतं. चादर स्वतः घातली. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले गुरुवारीच येता येईल, बाई फोनवर त्यांना नाही नाही ते बोलल्या. सगळं मिळालं शैलाला. खाट, पांढरी चादर, ऑक्सिजन. दुपारी दोनला ती गेली.

मी बाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं आता घालवतील, घालवू देत. बाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "तू तुझी नोकरी सांभाळलीस. मी माझी खाट सांभाळली. मेली ती." चष्मा लावला आणि म्हणाल्या, "जा, खिडकीत लोक खोळंबलेत."

माझं नाव त्यांनी वर कळवलं नाही. माझ्या कागदावर सही केली. 'काम समाधानकारक' असा शेरा. मला वाटतं, घालवलं असतं तर मी सुटले असते. बाईंनाही ते ठाऊक असावं.

स्वतः त्या दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला हजर. "पाय दाखवा." तसाच आवाज. कुणाला वाटलं नसतं काही झालंय. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला! माझा स्वतःचा जो राग यायला हवा होता तोही मी त्यांच्याच डोक्यावर टाकला, हे आता कळतं.

शैलाचं तेरावं उरकल्यावर काकी आली. येऊन खिडकीशी उभी राहिली. "बाय आसत काय? भेटूचा होता."

मी घाबरले, तर ती म्हणाली, "शेवटाक कॉट दिली मां, आभार मानूचे होते." आत जाऊन बाईंना सांगितलं, "शैलाची आई आलीय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शिव्या घालायला आली असेल. घालू दे. पाठव." शिव्यांची त्यांना सवय होती. एकदा एकजण थुंकला होता, तर पदराने पुसून पुढचे पाय बघितले होते.

"शिव्या नाहीत," मी म्हटलं. "आभार मानायला आलीय. शेवटी खाट दिलीत म्हणून."

बाईंचा चेहरा पार पांढरा पडला.  समोर रांगेत वीसेक माणसं उभी होती. बाई उठल्या, छत्री घेतली, ड्रेसिंगच्या खोलीतून मागच्या दाराने बाहेर पडल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "सांग, मी नाही."

त्या परत आल्याच नाहीत. राजीनामा पोस्टाने आला, दोन ओळींचा. भावाकडे नागपूरला गेल्या असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं बोरीवलीतच आहेत, बाहेर पडत नाहीत. मी शोध घेतला नाही. घेऊन काय बोलणार होते? त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आला, तो चिठ्ठ्या बघून खाटा द्यायला लागला आणि सगळे म्हणाले, चला, हा माणूस तरी माणसासारखा आहे.

बाई मागच्या दाराने गेल्या त्या दिवशी मी परत खिडकीशी आले. काकी बाकावर बसली होती. मी बाहेर जाऊन तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "बाय नाय आज, काकी."

"असू दे," ती म्हणाली. "तिका सांग, आमचा काय एक म्हणणा नाय. शेवटाक पोरगी चांगल्या कॉटवर गेली." मग तिने माझा हात धरला, दोन्ही हातांत, घट्ट. "आणि तुझे उपकार कसे फेडू गो? तू आधी सांगितलंस, म्हणान त्या दिवशी घर तरी नीट होता."